एक्स-रेत न दिसलेली चीर : एका दाढेच्या कॅपचं प्रकरण

बाई पंचेचाळिशीच्या. त्यांचं नाव-गाव इथे महत्त्वाचं नाही. तक्रार एकच, पण विचित्र. डावीकडून खाताना मध्येच कधीतरी एक तीव्र कळ जायची आणि क्षणात थांबायची. रोज नाही, प्रत्येक घासाला नाही, मऊ खाताना तर कधीच नाही. एखादा कडक दाणा नेमक्या जागी सापडला की मात्र हमखास. थंड पाण्यानंही सणक जायची, पण दोन-तीन सेकंदांत ओसरायची. रात्री ठणका नाही, सूज नाही. अशा तक्रारी घेऊन माणूस महिनोन् महिने दुसऱ्या बाजूने खात राहतो. त्यांनीही तेच केलं होतं.

येताना त्या निर्णय घेऊनच आल्या होत्या. "डॉक्टर, कॅप बसवून टाका. झिरकोनियाचीच बसवा. किती वर्षं टिकेल?" झिरकोनिया म्हणजे कॅप बनवायचा एक पांढरा, फार कडक पदार्थ. जवळपास प्रत्येक रुग्ण हे दोन प्रश्न विचारतो, कॅप कशाची आणि टिकणार किती. दोन्हींचं उत्तर त्या दिवशी देण्यात अर्थ नव्हता. कॅपखाली कोणत्या अवस्थेतला दात उरणार आहे, हे अजून मला ठाऊक नव्हतं, आणि टिकण्याचा सगळा हिशेब त्यावरच असतो.

तपासणी

डावीकडची खालची पहिली मोठी दाढ. ही साधारण सहाव्या वर्षी येते. दुधाचा दात पाडून येत नसल्याने ती कायमची आहे हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही, आणि कायमच्या दातांपैकी बहुधा सर्वात आधी किडते तीही हीच. या दाढेतही लहानपणी भरलेली चांदी होती. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत आरपार, रुंदीला निम्म्याहून जास्त. चांदी स्वतः धडधाकट होती. आजूबाजूचे दाताचे उंचवटे मात्र पातळ झाले होते आणि त्यांची टोकं घासून सपाट झालेली होती. झोपेत दात खाण्याची सवय असावी, असा संशय तिथेच आला.

एक्स-रे स्वच्छ निघाला. चांदीखाली कीड नाही, मुळांच्या टोकाशी हाड व्यवस्थित. बाईंचा चेहरा उजळला. पण या तक्रारीत स्वच्छ एक्स-रेला फारसा अर्थ नसतो. दाढेतली चीर बहुधा पुढून मागे जाते आणि एक्स-रेचा किरण गालाकडून जिभेकडे जातो. किरणाच्या समोर आडवी उभी असलेली केसाएवढी भेग फिल्मवर उमटत नाही.

म्हणून जुन्या, साध्या चाचण्यांकडे वळलो. छोटा खळगा असलेली प्लॅस्टिकची काडी एकेका उंचवट्यावर ठेवून चावायला सांगायचं. या दाढेला पाच उंचवटे असतात. चार निर्धास्त गेले. जिभेकडच्या मागच्या उंचवट्यावर काडी ठेवली तेव्हा दाबताना त्या शांत होत्या आणि दाब सोडताच दचकल्या. दाब सोडताना येणारी कळ ही चिरलेल्या दाताची मोठी खूण आहे. दाबाखाली चिरेचे दोन भाग किंचित विलग होतात आणि सुटताना झटक्याने जवळ येतात. त्या हालचालीने दाताच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव हलतो आणि नस चिडते.

थंडाची चाचणी घेतली. सणक आली आणि काही सेकंदांत गेली. याचा अर्थ नस जिवंत होती, चिडलेली होती, पण शांत होण्याजोगी होती. तीच सणक अर्धा-एक मिनिट रेंगाळली असती, किंवा गरम चहा-पाण्यानेही आली असती, तर बोलणं आधी रूट कॅनॉलचं झालं असतं.

मग हिरडी मोजली. बारीक खुणांची काडी दाढेभोवती फिरवून हिरडी आणि दात यांच्यातली खोली पाहतात. सगळीकडे २ ते ३ मिलिमीटर. माझ्या दृष्टीने त्या दिवसातली सर्वात मोलाची नोंद ही. एकाच अरुंद जागी काडी ७-८ मिलिमीटर खाली गेली असती, तर चीर मुळावर उतरली असण्याची दाट शक्यता होती. मग कोणतीही कॅप कामाची नव्हती, दाढ काढण्याबद्दलच बोलावं लागलं असतं.

भूल देऊन जुनी चांदी काढली तेव्हा चीर डोळ्यांना दिसली. मागच्या भिंतीवरून उतरून जिभेकडच्या उंचवट्याच्या पायथ्याशी वळलेली काळपट रेघ. शेजारून बारीक प्रकाश टाकला की तो रेघेपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा. नसेच्या छताकडे ती गेलेली नव्हती. लाकूड फोडताना पाचर ठोकावी तसं त्या चांदीने वर्षानुवर्षं प्रत्येक घासाबरोबर दोन्ही भिंतींना बाहेर रेटलं होतं.

कॅपच का

पर्याय एकच नव्हता. नुसतं नवीन फिलिंग करता आलं असतं, पण पातळ उंचवटे उघडेच राहिले असते. दुसरा पर्याय ऑनलेचा. त्यात दाताचा वरचा भाग आणि उंचवटे झाकतात, बाजू बऱ्याच अंशी तशाच राहतात, म्हणजे दात कमी घासावा लागतो. एरवी मी तिकडेच झुकतो. इथे चीर मागच्या भिंतीवर खालपर्यंत आली होती, त्यामुळे दाढेला चारही बाजूंनी कवेत घेणारी पूर्ण कॅप बरी वाटली. याच दाढेला दुसऱ्या एखाद्या जाणत्या दंतवैद्याने ऑनले सुचवला असता, तर मी वाद घातला नसता.

बाईंना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली. कॅपने चीर भरून येत नाही. हाड जुळतं तसा दात जुळत नाही. त्यांनी लगेच विचारलं, "मग कॅपचा उपयोग काय?" रास्त प्रश्न. प्रत्येक घासाला चिरेचं तोंड उघडणं कॅपमुळे थांबतं, त्यामुळे कळ थांबते आणि चीर पुढे सरकण्याचा वेग कमी होतो. तरीही अशा काही दाढांची नस पुढे मरते आणि कॅपमधून भोक पाडून रूट कॅनॉल करावं लागतं. थोड्या दाढांत चीर मुळावर उतरतेच आणि दाढ जाते. हे कॅप बसवल्यावर सांगितलं तर सबब वाटते, म्हणून आधी सांगायचं.

ठरलं असं की दाढ घासून आधी तात्पुरती कॅप लावायची आणि काही आठवडे थांबायचं. कळ गेली आणि थंडाची सणक ओसरत राहिली, तर पक्की कॅप. मध्येच रात्रीचा ठणका सुरू झाला, तर रूट कॅनॉल आधी. प्लॅस्टिकच्या कॅपला भोक पाडण्यात काही बिघडत नाही, नव्याकोऱ्या झिरकोनियाला पाडताना जिवावर येतं.

दाढ घासण्याचा दिवस

रंग सर्वात आधी ठरवला. दात तोंडात उघडा राहून सुकला की पांढरा दिसू लागतो आणि मग जुळवलेली छटा चुकते. मागच्या दाढेत हे फार नाजूक काम नाही. समोरच्या दातांना मात्र याच पाच मिनिटांवर पुढचं सगळं दिसणं अवलंबून असतं. त्यानंतर दाढेचा आहे तसा साचा घेतला, कारण तात्पुरती कॅप त्यातच बनते.

खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देतात. अर्धा ओठ आणि जीभ बधिर होते आणि तो जडपणा दोन ते चार तास टिकतो. तो उतरेपर्यंत काही चावायचं नाही. गाल किंवा जीभ चावली गेली तरी कळत नाही, संध्याकाळी जखम दिसते.

घासताना दुखत नाही. पाणी, आवाज, थरथर आणि जबडा उघडा ठेवून आलेला थकवा, हेच खरं जाणवतं. तास-दीड तास लागू शकतो. ज्यांचा जबड्याचा सांधा आधीच कुरकुरतो त्यांनी ते सुरुवातीलाच सांगावं. दातांमध्ये रबराचा ठोकळा ठेवता येतो, अधूनमधून थांबता येतं.

किती घासतात, हे मात्र रुग्णाने समजून घ्यायलाच हवं. सिरॅमिक किंवा झिरकोनियाच्या कॅपसाठी वरून साधारण १ ते २ मिलिमीटर आणि बाजूंनी सुमारे १ मिलिमीटर किंवा थोडं जास्त. दाताचं बाहेरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, सर्वात जाड जागीही जेमतेम २ ते २.५ मिलिमीटर असतं. म्हणजे ते बरंचसं निघून जातं, आणि गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही. एकदा कॅपसाठी घासलेल्या दाताला आयुष्यभर कॅप लागतेच, हे त्यामुळेच. केवळ पिवळेपणा झाकायला निरोगी दातांवर कॅप मागणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो. बहुतेक जण तिथेच विचार बदलतात.

दुसरा आकडा रुग्ण कधीच विचारत नाहीत. कॅपच्या कडेच्या वर, दाताची स्वतःची भिंत सगळीकडून किमान १.५ ते २ मिलिमीटर उरायला हवी. कॅप खरी धरून असते ती त्या भिंतीला. आत भरलेल्या मसाल्यावर ती उभी राहिलीच, तरी चावण्याचा ताण मसाल्यावर आणि मुळावर येतो, आणि एके दिवशी कॅप आतल्या तुकड्यासकट हातात येते. लोक "कॅप निघाली" म्हणतात. निघालेला असतो दात. या दाढेत तीन बाजूंनी भिंत भरपूर होती. मागच्या जिभेकडच्या कोपऱ्यात ती खुजी होती, त्यामुळे कडा हिरडीच्या अगदी जवळ न्यावी लागली. तिथे अजून कमी उरलं असतं, तर हिरडी खाली सरकवून थोडं हाड घासण्याची छोटी शस्त्रक्रिया आधी करावी लागली असती. तशी वेळ आली नाही.

माप घेण्याआधी हिरडीच्या फटीत बारीक दोरा बसवला, म्हणजे हिरडी बाजूला होऊन कडा उघडी पडते. माप सिलिकोनच्या मऊ गोळ्याने घेतलं. ट्रे तोंडात चार-पाच मिनिटं ठेवावा लागतो. ओकारी येणाऱ्यांनी नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. आता कित्येक ठिकाणी हेच काम तोंडात फिरणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याने करतात. रुग्णाला ते सुखाचं वाटतं यात शंका नाही, पण कडा रक्ताखाली किंवा हिरडीखाली लपली असेल तर कॅमेऱ्यालाही दिसत नाही. दोरा तिथेही लागतोच.

तात्पुरत्या कॅपचे आठवडे

तात्पुरती कॅप मुद्दाम कच्च्या सिमेंटने लावतात, कारण ती पुन्हा काढायची असते. त्यामुळे चिकट पदार्थ टाळायचे, आणि दोन दातांत फ्लॉस (फट साफ करायचा बारीक दोरा) घातला तर वर ओढायचा नाही, बाजूने सरकवून काढायचा.

पहिल्या काही दिवसांतच कडक दाण्याची कळ थांबली. नुसत्या प्लॅस्टिकच्या आवरणाने ती थांबते, यावरून निदान पक्कं झालं. थंडाची सणक मात्र दाढ घासल्यावर आठवडाभर वाढली आणि मग उतरली. जिवंत दाताला असं होतंच.

मध्ये एकदा चिकट काहीतरी खाताना कॅप निघाली. बाईंनी ती धुऊन डबीत ठेवली आणि चार दिवस काही कळवलं नाही, कारण "दुखत नव्हतं". दुखत नव्हतं हे खरं. पण दात जागेवर राहतात ते शेजाऱ्यांच्या आणि समोरच्या दाताच्या आधाराने. आधार सुटला की ते काही दिवसांतही किंचित सरकू शकतात. पक्की कॅप मात्र आधीच्या मापावर तयार होत असते. त्याचा परिणाम पुढे दिसला. तात्पुरती कॅप पडली तर दुखो न दुखो, त्याच दिवशी फोन करायचा.

कॅप कशाची, याचं उत्तर आता देता येत होतं. एकसंध झिरकोनिया, म्हणजे बाईंच्या मनातलीच, पण कारणं वेगळी. बाई झोपेत दात खात होत्या आणि दाढेची उंची बेताची असल्याने जाड कॅपला जागा नव्हती. झिरकोनियाची वाकताना न तुटण्याची ताकद साधारण १००० मेगापास्कलच्या आसपास असते, लिथियम डायसिलिकेट या काचेच्या सिरॅमिकची ४०० च्या आसपास. काचेचं सिरॅमिक प्रकाश जास्त पार जाऊ देतं आणि दाताला जास्त घट्ट चिकटतं, म्हणून पुढच्या दातांना ते शोभतं. धातूवर पोर्सलेन चढवलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅप दीर्घ अनुभवातून सिद्ध झालेल्या आहेत, मात्र पोर्सलेनचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडीशी करडी रेघ दिसू शकते. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी कोणता धातू वापरणार हे विचारून घ्यावं. निव्वळ सोन्याच्या मिश्रधातूची कॅप मागच्या दाढेला अजूनही उत्तम, दात सर्वात कमी घासावा लागतो. हल्ली ती कुणालाच नको असते.

पक्की कॅप बसवताना

हा दिवस छोटा असतो. तात्पुरती काढायची, दाढ स्वच्छ करायची आणि नवी कॅप सिमेंट न लावता बसवून पाहायची. आधी शेजारच्या दातांशी स्पर्श, मग कडा, मग चावा. पुढच्या बाजूला कॅप अडली. शेजारची दाढ थोडी सरकली होती, त्या चार दिवसांचा हा परिणाम. स्पर्शाची जागा हळूहळू घासून पुन्हा चकचकीत करावी लागली. फ्लॉस टक्कन आवाज करून आत जाईल आणि फाटणार नाही, इतकी घट्ट ठेवली. कडा नीट टेकली का हे एक्स-रेने पाहिलं, मग सिमेंट लावलं आणि दातांच्या फटीतून बाहेर आलेलं जादा सिमेंट काढलं. ते राहिलं तर हिरडी सुजत राहते. पक्क्या सिमेंटने बसवलेली कॅप काढायची म्हणजे बहुधा कापूनच काढावी लागते, त्यामुळे आरशात पाहणं, जिभेने चाचपणं, शंका काढणं, हे सगळं सिमेंटच्या आधी.

शक्य तिथे या दिवशी भूल देत नाही, कारण चावा बरोबर आहे का हे रुग्णच सर्वात चांगलं सांगतो. दातांमध्ये २० मायक्रॉनची, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक, वस्तू आली तरी माणसाला जाणवते. या दाढेला हवेचा झोतही सोसत नव्हता, म्हणून भूल द्यावी लागली. चाव्याच्या रंगीत कागदावरच्या खुणा बरोबर दिसल्या. तरीही बाईंना सांगितलं होतं की बधिर जबड्याने दिलेला कौल अर्धाच धरायचा, आणि काही उंच लागलं तर यायचंच.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या. दाढ बोट लावलं तरी हुळहुळत होती आणि चावताना बोथट दुखत होतं. "तोंड मिटलं की आधी हीच लागते," त्या म्हणाल्या. घरच्यांनी सांगितलं होतं, होईल सवय. कॅपचा गुळगुळीत स्पर्श, तिचा जिभेला जाणवणारा वेगळा आकार, यांची सवय होते. उंच चाव्याची होत नाही. दाताच्या मुळाभोवतीचे तंतू रोज जास्त मार खातात आणि सुजतात. सरळ चावल्यावर खूण ठीक उमटत होती. जबडा बाजूला सरकवून चावायला सांगितलं तेव्हा मागच्या उतारावर एक गडद ठिपका सापडला. तेवढाच घासला आणि ती जागा पुन्हा आरशासारखी गुळगुळीत केली, कारण खरखरीत झिरकोनिया समोरचा दात कुरतडतो. तीन-चार दिवसांत हुळहुळणं गेलं.

कॅपनंतरची दुखणी ओळखायला इथे एक फरक उपयोगी पडतो. चावल्यावर किंवा बोट लावल्यावर दुखतं आणि न वापरता शांत राहतं, तेव्हा बहुधा चावा उंच असतो आणि तो काही मिनिटांत सुटतो. गरमाने दुखणं, सणक मिनिटभर रेंगाळणं, काही न करता ठणकणं, रात्री झोपमोड होणं, हे नसेचं दुखणं. त्यात चावा घासून काही होत नाही. सौम्य थंडाची सणक दोन-तीन आठवडे राहून उतरत गेली तर वाट पाहायला हरकत नाही.

वर्षभरानंतर

सहाव्या महिन्यात आणि वर्षाने तपासलं. चिरेच्या बाजूला हिरडीची खोली ३ मिलिमीटरच होती. कॅपच्या कडेखाली उघड्या दाताला थंड लावलं तर लगेच कळायचं आणि लगेच जायचं, म्हणजे नस जिवंत. एक्स-रेत मुळांची टोकं स्वच्छ.

टिकण्याचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. अभ्यासांत ५ वर्षांनी शंभरातल्या नव्वदहून अधिक कॅप जागेवर असतात आणि बऱ्याच १०-१५ वर्षं किंवा त्याहून जास्त चालतात. पण त्या आकड्यांत सर्व प्रकारचे दात येतात, चिरलेल्या जिवंत दाढेला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. कॅप स्वतः किडत नाही, कडेखालचा दात किडतो. बाईंच्या मागच्या फटीतली हिरडी थोडी रक्ताळत होती, कारण तिथपर्यंत फ्लॉस पोचत नव्हता. तिथे दातांमधला बारीक ब्रश दिला. झोपेत दात खाल्ल्याने ते झिजू नयेत म्हणून रात्री दातांवर लावायला दिलेलं आवरण त्या आठवड्यातून तीन-चारच रात्री लावतात, असं त्यांनीच सांगितलं. समोरच्या दाढेवर नव्या घासल्याच्या खुणा नव्हत्या, तरी रोज लावायला सांगितलं.

जाताना त्यांनी उजवीकडची दाढ दाखवली. तिथेही लहानपणचीच चांदी होती. "हिलाही आधीच कॅप घालून घेऊ का?" काडीवर पाचही उंचवटे निर्धास्त, थंडाला उत्तर नेमकं, चांदी लहान, भिंती जाड. कॅपसाठी घासायला काही कारण नव्हतं. फोटो काढून नोंदीत ठेवला. पुढे चांदीची कड तुटली किंवा एखादा उंचवटा पातळ वाटला, तर तिथे आधी ऑनलेचाच विचार होईल.